टाइलसाठी डब्यातली पेस्ट घ्यावी की गोणीतली पावडर? निवडण्यापासून लावण्यापर्यंत

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये ओट्यामागच्या टाइल्स बदलायच्या होत्या. जुन्या फोडायच्या म्हणजे आवाज, धूळ आणि आठवडाभर स्वयंपाक बंद, म्हणून जुन्यांवरच नव्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावायचं ठरलं. घरच्यांनी टाइल चिकटवायची डब्यातली तयार पेस्ट आणून ठेवली होती आणि ती चालेल असं मीच सांगितलं होतं. जुलै महिना, बाहेर पावसाची झड. तीन आठवड्यांनी फोन आला की सिंकजवळची एक टाइल हलतेय. मिस्त्रींनी पातळ छिन्नी घालून ती अलगद काढली. चारी कडांना बोटभर पट्टी वाळून कडक झालेली होती आणि मधला सगळा भाग श्रीखंडासारखा मऊ. मिस्त्रींनी त्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे तर कालच लावल्यासारखं आहे."

पेस्ट खराब नव्हती. तिच्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. मागे जुनी चकचकीत टाइल, पुढे पाणी न पिणारी नवी टाइल, आणि हवेत आधीच ओल. त्या कामानंतर टाइल कुठलीही असो, भिंत कुठलीही असो, मी आधी एवढंच बघते: या मालातलं पाणी जाणार कुठे? पेस्ट की पावडर, हे त्यावरूनच ठरतं. किंमत, ब्रँड, गॅरंटी हे सगळं नंतर.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

दुकानात 'रेडी मिक्स द्या' म्हटलं तर बऱ्याचदा गोणीच हातात पडते. प्लास्टरची रेडी मिक्स गोणी मिळते तशीच ही, फक्त पाणी घालायचं, म्हणून तिलाही रेडी मिक्स म्हणतात. खरी तयार पेस्ट झाकणाच्या बादलीत किंवा डब्यात येते, झाकण उघडून थेट थापीवर घेता येते, तिच्यात पाणी घालायचं नसतं. दोन्ही टाइल चिकटवायचे अ‍ॅडहेसिव्हच, पण मिस्त्री लोक दोन्हींना सरसकट 'केमिकल' म्हणतात. तेव्हा दुकानात स्पष्ट सांगा, डब्यातली पेस्ट हवी की गोणीतली पावडर.

दोन्ही चिकटतात कशा

पेस्टमध्ये सिमेंट नसतं. पाण्यात विखुरलेले पॉलिमरचे कण आणि बारीक भुकटी एवढंच मुख्यतः असतं. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना घट्ट धरतात, भिंतीवरचा रंग वाळतो तसंच. म्हणजे पाणी बाहेर पडलं नाही तर पेस्ट चिकटत नाही. आणि वाळल्यानंतरही सतत पाणी लागत राहिलं तर साध्या दर्जाची पेस्ट पुन्हा मऊ पडू शकते.

पावडरीचं नेमकं उलट. तिच्यात सिमेंट, बारीक वाळू, कोरडा पॉलिमर आणि पाणी धरून ठेवणारा सेल्युलोजचा घटक असतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून कडक होतं, म्हणून पाणी आत टिकायला हवं. सेल्युलोजचा घटक नेमकं तेच काम करतो, टाइलला किंवा भिंतीला पाणी झटकन पिऊ देत नाही. म्हणूनच पावडरीसाठी टाइल्स बादलीत भिजत घालायची गरज नसते. साध्या सिमेंटच्या मालावर काम करून ज्यांचा हात बसलाय ते सवयीने भिजवतात. त्यांना थांबवा, कारण ओली पाठ असली की पकड कमी होते.

परदेशातले व्हिडिओ बघून बरेच जण डब्याकडे वळतात. इंग्लंड-अमेरिकेत राहणारी आपली माणसंही घरची छोटी कामं स्वतः करतात आणि डबाच वापरतात. तिथे आतल्या भिंती बहुतेक जिप्समच्या फळ्यांच्या असतात, त्या पाणी शोषतात, घरात हीटिंग असतं आणि टाइल लहान असते. पाण्याला दोन्हीकडून वाट मिळते. कोकणात आषाढात तीच पेस्ट लावली तर तिला यातलं काहीच मिळत नाही.

पहिली पायरी: जागा बघा

बाथरूमची जमीन, शॉवरची भिंत, वॉशिंगची मोरी, गच्ची, बाल्कनी, पाण्याची टाकी, घराची बाहेरची भिंत. या सगळ्या ठिकाणी पावडर. यात मी अपवाद करत नाही. जमिनीवर, मग ती कोरड्या खोलीची असली तरी, पावडरच. तिथे टाइल मोठी असते, माल जाड लागतो आणि जाड थरातली पेस्ट आतपर्यंत वाळत नाही, वाळताना आक्रसतेही.

पेस्टची जागा म्हणजे घरातली कोरडी भिंत: ओट्यामागची पट्टी, वॉश-बेसिनमागचा तुकडा, देवघराची बाजू, भिंतीलगतची स्कर्टिंग. स्कर्टिंग अरुंद असल्यामुळे पाण्याला कडेपर्यंत फार प्रवास करावा लागत नाही. मागे उघडा गिलावा असेल तर तिथे पेस्ट छान बसते.

दुसरी पायरी: भिंत बघा

वाटीत पाणी घ्या आणि बोटाने भिंतीवर शिंतडा. मिनिटभरात पाणी शोषलं गेलं तर भिंत पिणारी आहे. थेंब तसेच ओघळले तर ती बंद आहे: ऑइलपेंट, जुनी टाइल, वॉटरप्रूफिंगचा थर, काहीतरी मध्ये आहे.

वाळू-सिमेंटचा गिलावा असेल तर पेस्ट आणि पावडर दोन्ही चालतात. रंग असेल तर खरवडून गिलाव्यापर्यंत जा. रंगावर टाइल लावली तर टाइलचं वजन रंगाच्या पापुद्र्यावर येतं, आणि पुट्टीवर लावली तर पुट्टीवर. भिंत गुळगुळीत असेल तर टाचे मारून, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडून घ्या.

जिप्सम प्लास्टरकडे नीट लक्ष द्या, कारण मुंबई-ठाणे-पुण्याच्या नव्या इमारतींमध्ये खोल्यांच्या भिंती आता त्याच्याच असतात. बाथरूम आणि स्वयंपाकघरात बिल्डर सहसा सिमेंटचा गिलावा करतो, पण किचनची भिंत तोडून हॉलमध्ये मिसळली किंवा टाइलची पट्टी पुढे वाढवली की गाठ जिप्समशीच पडते. नखाने ओरखडा काढा. पांढरी मऊ भुकटी निघाली, वाळूचा कण लागला नाही, तर ते जिप्सम. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यावर थेट सिमेंटची पावडर लावली तर ओलीत सल्फेट आणि सिमेंटमधलं अ‍ॅल्युमिनेट यांचा संयोग होऊन सांध्यावर एट्रिंगाइट नावाचे स्फटिक वाढतात आणि टाइल मागून ढकलली जाते. माल टाइलला घट्ट चिकटलेला आणि भिंतीपासून मात्र अख्खा पत्रा सुटल्यासारखा, असं दिसलं तर कारण बहुतेक हेच असतं. उपाय दोन: कंपनीने सांगितलेला प्रायमर मारून तो पूर्ण वाळल्यावर पावडर लावा, किंवा टाइल हलकी सिरॅमिक असेल तर पेस्ट वापरा. पेस्टमध्ये सिमेंट नसल्यामुळे हा प्रश्नच येत नाही, शिवाय जिप्सम पाणी शोषतं. पेस्ट माझ्या मते सगळ्यात शोभते ती इथे.

जुन्या टाइलवर नवी टाइल असेल तर पावडरच, आणि तीही वरच्या दर्जाची. आधी जुन्या टाइल्स एकेक ठोकून बघा. जी पोकळ वाजेल ती काढून खड्डा भरून घ्या. मग सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुवा (ओट्यामागे फोडणीचा थर असतोच), ग्राइंडरने चकाकी मोडा किंवा अशा पृष्ठभागासाठीचा प्रायमर मारा.

प्लायवूडवर मी स्वतः टाइल लावत नाही, तिथे सिमेंट बोर्ड ठोकून घेते. प्लाय पावसात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि टाइल हलत नाही.

तिसरी पायरी: टाइलची पाठ बघा

टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ ते बघता बघता पिऊन टाकते, कारण अशा टाइल्स वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतात. व्हिट्रिफाइडवर थेंब मण्यासारखा बसून राहतो. तिचं शोषण ०.५ टक्का किंवा त्याहून कमी असतं. व्हिट्रिफाइड, काचेची मोझॅक, ग्रॅनाइट यांच्या मागे पेस्ट लावणं म्हणजे एका बाजूची वाट आधीच बंद करणं. त्यांना पावडर.

वजनही बघा. ९ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला साधारण २० किलो भरते, म्हणजे ६०० बाय १२०० ची एकच टाइल १५ किलोच्या आसपास जाते. ती ओल्या पेस्टवर भिंतीला उभी राहत नाही, सरकते. पेस्टसाठी मी ३०० बाय ३०० च्या वर जात नाही, आणि भिंत बंद असेल तर लहान टाइललाही पेस्ट देत नाही.

संगमरवर आणि हलक्या रंगाचा दगड असेल तर पांढरी पावडर घ्या. राखाडी माल मागून दिसतो आणि देवघराच्या पांढऱ्या भिंतीवर कायमची सावली पडल्यासारखं वाटतं. पेस्टमधली ओल दगडात मुरून डाग उठू शकतात, म्हणून दगडाला पेस्ट नाही.

थोडक्यात गणित असं बसतं: जागा कोरडी, भिंत पिणारी, टाइल पिणारी आणि लहान, या चारही गोष्टी जुळल्या तर पेस्ट. एक जरी चुकली तरी पावडर.

आणखी एक ठिकाण पेस्टचं आहे, ते म्हणजे डागडुजी. दोन-तीन सिरॅमिक टाइल्स सुटल्या असतील तर २० किलोची गोणी फोडून उरलेली फेकण्यापेक्षा लहान डबा बरा. उरलेल्या पेस्टवर प्लास्टिकचा कागद दाबून झाकण घट्ट लावलं तर ती टिकते. किलोमागे मात्र पेस्ट पावडरीपेक्षा बरीच महाग पडते, अख्ख्या बाथरूमचा विचार करताना हे लक्षात राहू दे.

चौथी पायरी: गोणीवरचं वाचा

आपल्याकडच्या मानकाचा क्रमांक आयएस १५४७७ आहे. त्यानुसार गोणीवर टाइप १, टाइप २ असे प्रकार छापलेले असतात. टाइप १ हा घरातल्या साध्या सिरॅमिकसाठी. व्हिट्रिफाइड, मोठ्या टाइल, दगड, बाहेरची भिंत असं काम अवघड होत जातं तसा वरचा प्रकार लागतो. गोणीच्या पाठीवर कुठल्या टाइलसाठी आणि कुठल्या पृष्ठभागासाठी हे लिहिलेलं असतं, ते दुकानातच उभं राहून वाचा.

बऱ्याच गोण्यांवर युरोपीय खूणही असते. 'सी' म्हणजे सिमेंटची, 'डी' म्हणजे डब्यातली पेस्ट, 'आर' म्हणजे इपॉक्सीसारखी. पुढचा १ किंवा २ हा दर्जा. 'सी१' ची पकड प्रति चौरस मिलिमीटर किमान ०.५ न्यूटन, 'सी२' ची १ न्यूटन. 'टी' म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल घसरत नाही, 'ई' म्हणजे पसरलेला माल जास्त वेळ ताजा राहतो, 'एफ' म्हणजे लवकर कडक होणारी, 'एस१' आणि 'एस२' म्हणजे लवचीक. बाथरूमच्या भिंतीला व्हिट्रिफाइड लावताना मी 'सी२टी' च्या खाली जात नाही. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीला किंवा गच्चीला 'एस१' हवीच.

तयार झाल्याची तारीख बघा. गोणी हाताने दाबून बघा, आत खडे लागले तर ओल लागलेली आहे, ती परत करा. घरी आणल्यावर फळीवर ठेवा, फरशीवर नको. पावसाळ्यात उघडलेली गोणी दुसऱ्या दिवशीही भरवशाची राहत नाही.

पाचवी पायरी: किती लागेल

३ मिलिमीटर जाडीच्या थराने २० किलोची गोणी साधारण ५० चौरस फूट पुरते. चार बाय सात फुटांचं बाथरूम घेऊ. चार भिंतींची लांबी २२ फूट, सात फूट उंचीपर्यंत टाइल्स म्हणजे १५४ चौरस फूट. दाराचे १८ वजा केले तर १३६, त्यात जमिनीचे २८ मिळवले तर १६४. म्हणजे सव्वातीन गोण्या, मोठ्या टाइलला थर जाड लागतो हे धरून चार घ्या. भिंत वाकडी असेल तर हा हिशोब कोसळतो. सहा मिलिमीटर थर गेला की गोण्या दुप्पट. म्हणून ओळंबा आणि दोन मीटरची पट्टी लावून भिंत आधीच बघा आणि खड्डे गिलाव्याने भरून घ्या. अ‍ॅडहेसिव्ह भिंत सरळ करण्यासाठी नसतं.

आणि ते वॉटरप्रूफिंगही नसतं. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचा थर देऊन, ४८ तास पाणी तुंबवून, खालच्या मजल्यावर ओल येत नाही हे बघूनच टाइलला हात घाला.

सहावी पायरी: पावडर कालवणं

कामं सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. स्वच्छ बादलीत आधी पाणी, मग पावडर. २० किलोला साधारण पाच लिटर पाणी लागतं, नेमका आकडा गोणीवर असतो. एक लिटरची पाण्याची बाटली मिस्त्रींच्या हातात द्या आणि मोजून ओतायला सांगा, अंदाजाने मगाने पाणी मारू देऊ नका. पाणी पिण्याचं वापरा, किनाऱ्याकडच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. ड्रिलला ढवळणी लावून मंद गतीने गुठळ्या जाईपर्यंत फिरवा. मग पाच मिनिटं तसंच ठेवा. या वेळात कोरडा पॉलिमर आणि सेल्युलोज पाणी घेतात. नंतर एकदा पुन्हा ढवळा. थापी उलटी केल्यावर माल पडला नाही म्हणजे जमला.

तासाभरात, फार तर दीड तासात संपेल एवढाच माल करा. मे महिन्यात अर्धी गोणीच एका वेळी. घट्ट झालेल्या मालात पाणी मारायचं नाही, तो फेकायचा. गोणी पुरावी म्हणून वरून सिमेंट किंवा वाळू मिसळायची नाही. मिस्त्री चांगले असले तरी या दोन सवयी जुन्या मालाच्या असतात, म्हणून कामाच्या पहिल्या तासाला मी स्वतः हजर राहते. हातमोजे आणि तोंडाला मास्क लागतो, सिमेंटने हात उलतात.

सातवी पायरी: लावणं

टाइलच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती भट्टीतून आलेली असते. ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. ही भुकटी तशीच राहिली तर माल तिलाच चिकटतो.

भिंतीवर आधी थापीच्या सपाट बाजूने माल दाबून पातळ थर द्या, मग दातांच्या बाजूने एकाच दिशेला सरळ रेघा ओढा. लहान टाइलला ६ मिलिमीटर दातांची थापी, ६०० बाय ६०० ला १० किंवा १२ ची. त्याहून मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. टाइल रेघांना आडवी सरकवत दाबा म्हणजे रेघांमधली हवा निघते, वरून रबरी हातोडीने ठोका. चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोळे लावून टाइल चिकटवायची पद्धत सर्रास दिसते. ती बंद पाडा. गोळ्यांमध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साठतं, आणि ओट्यावरून पडलेला कुकर नेमका पोकळीवरच तडा पाडतो.

१५-२० मिनिटांत झाकला जाईल एवढाच भाग एका वेळी पसरवा. पसरलेल्या रेघेला बोट लावा. बोटाला माल आला नाही तर वर साय धरलीय, खरवडून नवा माल लावा. पंखा बंद ठेवा.

पहिली टाइल लावली की लगेच ओढून काढा. पाठीवर किती माल लागलाय ते बघा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के, बाथरूममध्ये आणि बाहेर ९५ टक्के पाठ मालाने भरलेली हवी. रेघा जशाच्या तशा उभ्या दिसल्या तर दाब कमी पडलाय किंवा थापीचे दात लहान आहेत. दर दहा-पंधरा टाइल्सनंतर पुन्हा एक काढून बघा.

सांध्यात किमान २ मिलिमीटरचा स्पेसर (दोन टाइल्समध्ये फट राखणारा तुकडा) ठेवा. सांधा न ठेवता लावलेल्या टाइल्सना उष्म्यात फुगायला जागा राहत नाही, मग एखाद्या दुपारी हॉलमधल्या फरशा एकदम उठतात.

पेस्ट लावताना ढवळणं सोडलं तर रीत हीच, फक्त थर पातळ, ३ मिलिमीटरपर्यंत. पातळ करण्यासाठी पाणी घालायचं नाही. खिडकी उघडी ठेवा. ग्राउटची, म्हणजे टाइल्सचे सांधे भरण्याची, घाई इथे जास्त नडते, कारण सांधे बुजले की उरलीसुरली वाटही बंद. डब्यावर २४ तास लिहिलं असेल तर ते कोरड्या हवेसाठी धरा. पावसाळ्यात मी तीन दिवस थांबते आणि सांध्यात टाचणी खुपसून बघते. टाचणीला ओलसर पेस्ट लागली तर आणखी थांबते.

ग्राउटच्या आधी

पावडरीवर लावलेल्या टाइल्सना २४ तास हात लावू नका, त्यांच्यावर पाणीही मारू नका. ओल आत धरलेली असते, गिलाव्यासारखं वरून पाणी द्यावं लागत नाही. मग एक रुपयाचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाइल चारी कोपऱ्यांत आणि मध्ये वाजवा. भरीव टाइल टक्क वाजते, पोकळ टाइल भदभद. जिथे भदभद ऐकू येईल तिथे पेन्सिलने फुली मारा आणि त्या टाइल्स ग्राउट भरण्यापूर्वी काढून, मागचा माल खरवडून, नव्या मालात पुन्हा बसवायला सांगा. मिस्त्रींचा हिशोब ग्राउट झाल्यावर करायचा असतो, तेव्हा फुल्यांचं काम त्याच दिवशी उरकून घ्या.